मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या का उडतात: सफाई आणि सुरक्षित वापर

मायक्रोवेव्ह आतून पुसायचा तो स्वच्छ दिसावा म्हणून, असंच बहुतेक घरांत धरून चालतात. खरं तर आतल्या भिंतीवर उडालेलं तेलकट मसालेदार शिंतोडं हेच ओव्हन बिघडण्याचं आणि आत ठिणग्या उडण्याचं एक नेहमीचं कारण आहे. कोल्हापुरात हे जास्तच लागू पडतं, कारण इथं गरम करायला आत जातो तो तांबडा रस्सा, मिसळीचा कट नाहीतर रात्रीचं उरलेलं मटण, आणि या प्रत्येकावर तेलाचा लाल तवंग असतो.

आधी आत काय घडतं ते बघू. घरगुती मायक्रोवेव्हच्या लहरींची वारंवारता २४५० मेगाहर्ट्झ असते. या लहरींमुळे अन्नातलं पाणी चटकन तापतं, तेल त्या मानानं सावकाश. रश्श्यात तवंगाखालचं पाणी उकळायला लागतं, पण वर तेलाचा थर असल्यानं वाफ सहज निघत नाही. ती साठते आणि एकदम फुटून बाहेर येते. येताना कांदा-लसूण मसाल्याचे कण आणि तेलाचे थेंब छतावर आणि भिंतींवर मारते.

आता ओव्हनच्या आत उजव्या भिंतीकडे बघा. बऱ्याच मॉडेलांत तिथं राखाडी-पिवळसर रंगाचा, जाड कागदासारखा चौकोनी तुकडा बसवलेला असतो. काही जण तो पॅकिंगचा पुठ्ठा समजून उपटून काढतात. तो पुठ्ठा नसतो, अभ्रकाचं म्हणजे मायकाचं शीट असतं. मॅग्नेट्रॉनमधून, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागातून, निघालेल्या लहरी त्याच्यामागच्या वाटेनं आत येतात, आणि अन्नाची वाफ न् तेल त्या वाटेत शिरू नये म्हणून ते झाकण लावलेलं असतं. त्यावर तेलाचा शिंतोडा पडला आणि पुसला गेला नाही, तर प्रत्येक वापरात तो पुन्हा पुन्हा तापतो, करपतो आणि त्याचा कार्बन होतो. कार्बन विजेचा वाहक. मग तिथं ठिणगी पडते, शीटला भोक पडतं, पुढं भिंतीचा रंग जळतो, आतला पत्रा उघडा पडून गंजतो. एवढं सगळं न पुसलेल्या एका थेंबापासून सुरू होतं.

जागा आणि प्लग

सोलो, म्हणजे फक्त लहरींनी तापवणारा मायक्रोवेव्ह साधारण १२०० ते १५०० वॅट वीज ओढतो, कन्व्हेक्शनवाला, म्हणजे गरम हवेनं भाजणाराही, त्याहून जास्त ओढू शकतो. १५०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर. म्हणून टीव्हीचा किंवा मिक्सरचा छोटा ६ अँपिअरचा पॉइंट याला चालत नाही. १६ अँपिअरचा, मोठ्या तीन पिनांचा स्वतंत्र पॉइंट लागतो. एक्स्टेन्शन बोर्ड नको, एकाच पॉइंटवर फ्रीज आणि ओव्हन दोन्ही नको, आणि घरच्या इन्व्हर्टरवरही चालवू नका. पेठांमधल्या जुन्या घरात राहत असाल तर प्लग लावण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. नुसतं तिसरं भोक असणं पुरेसं नाही, त्याच्यामागे खरोखर अर्थची वायर जोडलेली असावी लागते. ओव्हनला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर त्या क्षणी वापर थांबवा.

ओव्हन छातीच्या उंचीला किंवा त्याखाली ठेवा. फ्रीजवर ठेवला की उकळता रस्सा डोक्याच्या वरून खाली उतरवावा लागतो आणि भाजण्याचे अपघात तिथंच होतात. मागं १० सेंटीमीटर आणि वर २० ते ३० सेंटीमीटर जागा मोकळी सोडा, नेमका आकडा सोबतच्या पुस्तिकेत असतो. वर डबे, पेपर, टॉवेल काही रचू नका. गॅसच्या शेगडीला चिकटूनही ठेवू नका, कारण फोडणीची तेलकट वाफ बाजूच्या जाळीतून आत ओढली जाते आणि ती पुसायला आपला हात कधीच पोचत नाही.

कुठलं भांडं चालतं

आपल्या स्वयंपाकघरात स्टील जास्त, आणि नेमकं तेच आत चालत नाही. स्टील, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, चांदी यातलं काहीही मायक्रोवेव्ह मोडमध्ये घालू नका. सोनेरी किंवा चंदेरी काठाचे कप, फॉइलची पार्सलं, पाकिटावरची स्टेपलर पिन हेही त्यातच येतं. बोरोसिलिकेट काच आणि धातूची नक्षी नसलेलं सिरॅमिक सगळ्यात बिनधास्त. मेलामाईनच्या प्लेटी दिसायला सिरॅमिकसारख्या असल्या तरी नकोत. माती पाणी शोषते, म्हणून मातीचं कच्चं भांडं स्वतःच तापून तडकू शकतं. रद्दी पेपरही नको, तो पेटतो.

भांड्याबद्दल शंका असेल तर तपासायची सोपी पद्धत आहे. रिकामं भांडं आत ठेवा, त्याच्याशेजारी काचेच्या ग्लासात एक कप पाणी ठेवा, पूर्ण पॉवरवर एक मिनिट चालवा. पाणी गरम आणि भांडं गार असेल तर भांडं चालतं. भांडंच तापलं असेल तर ते बाजूला काढा. धातूचं किंवा धातूच्या काठाचं भांडं मात्र या पद्धतीनं तपासायचं नाही.

प्लास्टिकबद्दल जरा सविस्तर. डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा आणि मायक्रोवेव्हची खूण असेल तर डबा भात, भाजी गरम करायला चालतो. पण तवंगवाल्या पदार्थाला तोही नको. पाणी १०० अंशाला उकळून थांबतं, तेल त्याच्या पुष्कळ वर जातं. असा एखादा जुना डबा उजेडात धरून बघा: रश्श्याची वरची पातळी जिथं यायची, तिथं आतून खरबरीत, पांढुरकं, लालसर डाग धरलेलं कडं दिसेल. ते घासून निघत नाही, कारण तिथं प्लास्टिकच वितळून खडबडीत झालेलं असतं. हॉटेलातून रस्सा किंवा कट ज्या पातळ पिशवीत बांधून येतो, ती पिशवी तर कधीही आत ठेवू नका. घरी आणल्या आणल्या काचेच्या बाऊलमध्ये ओतून घ्या.

गरम करताना

तांबड्या रश्श्यासाठी खोल काचेचा बाऊल घ्या आणि निम्म्यापेक्षा थोडा वर एवढाच भरा. तवंग जाड असेल तर चमच्यानं काढून वाटीत बाजूला ठेवा आणि रस्सा गरम झाल्यावर वरून सोडा. तो रश्श्याच्या उष्णतेनंच तापतो, चवही बदलत नाही आणि भिंती स्वच्छ राहतात. तवंग काढायचा नसेल तर निदान ढवळून घ्या. वर भोक असलेलं झाकण किंवा जरा तिरकी ठेवलेली काचेची प्लेट हवी. घट्ट झाकण लावू नका, वाफेनं ते उडतं.

दोन वाट्या रश्श्याला ७० टक्के पॉवरवर दोन मिनिटं द्या, बाहेर काढून ढवळा, पुन्हा एक मिनिट द्या, मग झाकण ठेवूनच दोन मिनिटं थांबा. हे थांबणं महत्त्वाचं आहे. लहरी अन्नात साधारण दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतच नीट पोचतात, त्याच्या आतला भाग बाहेरची उष्णता झिरपूनच तापतो. मटणाचे तुकडे ढिगानं न ठेवता कडेनं गोल मांडा, मध्यभाग मोकळा सोडा. शिळं मटण, चिकन किंवा भात खाण्याआधी आतपर्यंत वाफाळलेला हवा, म्हणजे निदान ७४ अंश. वरून चटका बसतोय पण मधला तुकडा कोमट आहे, असं अन्न खाऊ नका. ७० टक्के पॉवरला ओव्हनचा घुमणारा आवाज मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तो बिघाड नव्हे, बहुतेक ओव्हन थांबत-थांबतच पॉवर कमी करतात.

पांढऱ्या रश्श्याला ५० टक्क्यांच्या वर जाऊ नका. त्यातलं नारळाचं दूध पूर्ण पॉवरवर फाटतं, पाणी वेगळं आणि चोथा वेगळा अशी गत होते. दर मिनिटाला ढवळत राहिलात तर छान एकजीव राहतो.

उकडलेलं अंडं अख्खं कधीही गरम करू नका, सोललेलंही नाही. पिवळ्या बलकात वाफ कोंडते आणि ते आत फुटतं. वाईट म्हणजे कधी कधी बाहेर काढल्यावर, काटा किंवा दात लावताच तोंडासमोर फुटतं. अंडा करीतली अंडी आधी दोन भागांत कापा. बटाटा, रताळं, टोमॅटो यांना काट्यानं चार-पाच ठिकाणी टोचा.

नुसतं पाणी तापवतानाही जपा. गुळगुळीत काचेच्या ग्लासातलं पाणी उकळीच्या वर तापूनही शांत दिसू शकतं, आणि त्यात कॉफी पावडर टाकताच एकदम उसळून हातावर येतं. म्हणून ग्लासात लाकडी चमचा उभा ठेवा, वेळ संपल्यावर अर्धा मिनिट थांबा, मगच उचला. एकदा उकळून गार झालेलं पाणी पुन्हा तापवताना हा धोका जास्त असतो. बाळाचं दूध बाटलीत तापवू नका. बाटली कोमट लागते आणि मधलं दूध मात्र चटका बसेल इतकं तापलेलं असतं. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवणं हीच बरी पद्धत.

उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करताना सुकं खोबरं, तीळ, मिरच्या मायक्रोवेव्हमध्ये भाजायचा मोह होतो. नका करू. त्यात पाणी जवळपास नसतं, तेल भरपूर असतं. बाहेरून काही दिसत नाही तोवर आतून करपायला लागतं, आणि पेटायलाही वेळ लागत नाही. मिरचीचा धूर त्या बंद पेटीत बसला की पुढं चार दिवस दुधालाही ठसका येतो. त्यासाठी कढईच हवी. तळणही यात करायचं नाही, कारण तेलाचं तापमान आवरायची सोय यात नसते. भाकरी ओल्या सुती फडक्यात गुंडाळून २० सेकंद दिली तर मऊ होते. जास्त वेळ दिली तर आधी चिवट, मग दगड.

रिकामा ओव्हन चालवू नका. लहरी शोषून घ्यायला आत काही नसलं की त्या मॅग्नेट्रॉनकडे परत फिरतात आणि तो तापून बिघडतो. घरात लहान मुलं असतील तर चाइल्ड लॉक लावा, किंवा वापर नसताना भिंतीवरचं बटण बंद ठेवा.

रोजची सफाई

रोजचं काम एका मिनिटाचं आहे. जेवण गरम करून झालं, ओव्हन कोमट आहे, तेवढ्यात ओलं घट्ट पिळलेलं सुती फडकं छतावरून, मायका शीटच्या आसपास आणि दरवाज्याच्या आतून फिरवा. ताजा तवंग तेव्हा एका हातात निघतो. दुसऱ्या दिवशी त्यालाच घासत बसावं लागतं. छत विसरू नका. ते दिसत नाही, म्हणून सगळ्यात जास्त तिथंच साचतं.

आठवड्याची सफाई

१. काचेच्या खोल बाऊलमध्ये एक कप, म्हणजे साधारण २५० मिली पाणी घ्या. त्यात अर्धं लिंबू पिळून सालही टाका, किंवा दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. लाकडी चमचा उभा ठेवा.

२. पूर्ण पॉवरवर चार मिनिटं चालवा. काच वाफेनं धूसर व्हायला हवी. झाली नाही तर आणखी एक मिनिट द्या.

३. दरवाजा न उघडता पाच मिनिटं थांबा. करपलेला मसाला या वाफेनंच सुटतो. घाईनं उघडलंत तर वाफ निघून जाते आणि मेहनत तुमच्या हातावर येते.

४. भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा. बाऊल जाड कापडानं धरून बाहेर काढा.

५. काचेची प्लेट आणि तिच्याखालची चाकांची रिंग काढा. प्लेट गार झाल्यावरच धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकते. रिंगच्या छोट्या चाकांत केस आणि तेलाचा चिकटा अडकतो, तो जुन्या टूथब्रशनं काढा. प्लेट अडखळत किंवा कडकड आवाज करत फिरते ती बहुतेक वेळा यामुळेच.

६. आतून आधी छत, मग भिंती, शेवटी तळ असं पुसा. भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब फडक्यावर घ्या. ओव्हनच्या आत थेट काहीही फवारू नका, जाळीतून ते आतल्या भागात जातं. मग साध्या ओल्या आणि शेवटी कोरड्या फडक्यानं पुसा.

७. दरवाज्याच्या कडा आणि त्या जिथं टेकतात ती चौकट नीट पुसा. तिथं वाळलेला भात किंवा मसाल्याचा थर राहिला तर दरवाजा सपाट बसत नाही. दरवाज्यावरचे दोन हुक आणि त्यांची भोकंही बघा. काचेतल्या जाळीची भोकं लहरींच्या मानानं फारच बारीक असतात, म्हणून लहरी बाहेर पडत नाहीत. पण हे दरवाजा सपाट, न वाकता बसत असेल तरच. त्याला टॉवेल लटकवू नका, उघड्या दरवाज्यावर भांडं टेकवू नका.

वाफेनंही न निघालेल्या जुन्या डागाला तीन चमचे खायचा सोडा आणि एक चमचा पाणी अशी पेस्ट लावा, अर्धा तास ठेवा, मऊ फडक्यानं पुसा. कन्व्हेक्शन आणि ग्रिलवाल्या ओव्हनमध्ये तेल भाजून पक्कं बसतं, तिथं हे दोन-तीनदा करावं लागेल. पेस्ट हीटरच्या कॉइलवर आणि पंख्याच्या भोकांत जाऊ देऊ नका. तारेची घासणी अजिबात वापरू नका. ती रंग खरवडते आणि तिचा तुटलेला एखादा केसाएवढा तुकडा आत राहिला तरी ठिणगी पडते.

मायका शीट भिजवायचं नाही. जेमतेम ओलसर फडक्यानं हलक्या हातानं टिपून घ्या. बटणांचं पॅनेल पुसताना प्लग काढलेला नसेल तर दरवाजा उघडा ठेवा, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी ओव्हन सुरू होत नाही.

वास, मुंग्या, पावसाळा

मटणाचा वास राहिला तर वाटीभर खायचा सोडा रात्रभर आत ठेवा आणि सकाळी काढा. सफाईनंतर दरवाजा दहा-पंधरा मिनिटं उघडा ठेवून आतून पूर्ण सुकू द्या, मग बंद करा. रात्रभर उघडा ठेवायचा सल्ला पुष्कळ जण देतात. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात उबेला आणि खरकट्याला झुरळं, मुंग्या येतातच, आणि झुरळ मागच्या जाळीतून सर्किट बोर्डावर गेलं की खर्च मोठा होतो. ओव्हनमध्ये किंवा त्याच्या जाळीत झुरळांचा स्प्रे मारू नका. गूळ-साखरेचे डबे ओव्हनजवळ ठेवले नाहीत तर निम्मा प्रश्न सुटतो.

पंचगंगेच्या पुरात २०१९ आणि २०२१ मध्ये शहराच्या सखल भागांत घरांत पाणी शिरलं होतं. नदीकाठच्या भागात राहत असाल तर राजाराम बंधाऱ्यावर पाणी इशारा पातळीला, म्हणजे ३९ फुटांना आलं की प्लग काढून ओव्हन माडीवर हलवा. धोका पातळी ४३ फुटांची आहे, पण तोवर थांबू नका. ज्या ओव्हनमध्ये पुराचं पाणी शिरलं, तो उन्हात कितीही वाळवला तरी स्वतः लावून बघू नका. आतल्या भागांत गाळ बसलेला असतो.

ठिणगी, आग आणि बिघाड

ठिणगी दिसली की आधी बंद करा. आत धातू आहे का बघा. नसेल तर मायका शीट तपासा. काळा डाग किंवा भोक असेल तर ते बदलायचं, आणि हे घरी जमतं. प्लग काढा, शीटचा एकच स्क्रू किंवा खाच सोडवा, जुनं शीट नमुना म्हणून घरगुती उपकरणांचे स्पेअर पार्ट विकणाऱ्या दुकानात न्या. नवं शीट साध्या कात्रीनं कापता येतं. जुनं वर ठेवून पेन्सिलनं आखा, कापा, स्क्रूचं भोक पाडा, बसवा. बसवण्याआधी मागच्या पोकळीच्या तोंडावरचं तेल कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर नवं शीटही आठवड्यात जळेल. शीटशिवाय ओव्हन चालवू नका. आतला रंग जळून पत्रा दिसत असेल, गंजून भोक पडलं असेल, दरवाज्याची काच तडकली असेल किंवा बिजागरी सैल असेल, तर ओव्हन वापरायचा नाही.

आत काही पेटलं तर दरवाजा उघडू नका. भिंतीवरचं बटण बंद करा आणि तसंच राहू द्या. हवा न मिळाल्यानं आग आपोआप विझते. उघडलंत की भडकते. पाणी मारू नका.

दिवा लागतो, प्लेट फिरते, पण अन्न गार राहतं, हा बिघाड बहुतेक वेळा आतल्या, विजेच्या उच्च दाबाच्या भागातला असतो. स्क्रू ड्रायव्हर घेऊन बाहेरचं कव्हर स्वतः उघडू नका, प्लग काढलेला असला तरी नाही. आतल्या कॅपेसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो साठून राहू शकतो. असा धक्का जीव घेतो. मिक्सर, इस्त्री घरी उघडून दुरुस्त करणाऱ्या हुशार हातांना हे विशेषकरून सांगायला हवं. मेकॅनिकला फोन करताना मागच्या किंवा दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर वाचून दाखवा, कुठल्या मोडला बिघाड आहे आणि जळका वास आला का ते सांगा. बदललेला जुना भाग मागून घ्या. दरवाजा किंवा त्याचे हुक बदलले असतील तर लहरींची गळती मीटरनं तपासून दाखवायला सांगा.